गोणपाट, वऱ्हांडा आणि दाखल-खारीज : शाळेतल्या वेगळ्या रांगेची गोष्ट

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर बसलेल्या मुलामुलींना आधी एक सांगतो, मागे बसलेल्यांनी पुढे या. पुढच्या सतरंजीवर जागा आहे. आजचा विषयच असा आहे की कोण कुठे बसलं याकडे आमचं लक्ष जाणार.

मागच्या वेळी आम्ही अमेरिकेतल्या काळ्या मुलांच्या शाळांबद्दल बोललो होतो. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने उठून विचारलं, "सर, आपल्याकडं पण असं होतं का? का ते फक्त तिकडंच?" वेळ संपली होती, तेव्हा आम्ही पुढच्या खेपेला बोलू म्हणून सुटका करून घेतली. आज उत्तर द्यायचं आहे. होतं, एवढं एका शब्दात सांगून भागलं असतं. पण ते कसं होतं आणि कोणत्या मार्गाने चाललं, हे समजून घेतल्याशिवाय त्या होकाराला अर्थ नाही. कारण आपल्याकडची तऱ्हा तिकडच्यापेक्षा वेगळी होती.

तिकडे कायद्यातच लिहिलेलं होतं. गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांबद्दलच्या एका खटल्यात सांगितलं की सोयी सारख्या असल्या तर वेगळं ठेवायला हरकत नाही. पुढे अठ्ठावन्न वर्षं शाळांचाही कारभार त्याच आधारावर चालला. सारख्या सोयी अर्थातच कधी नव्हत्या. आपल्याकडे मात्र इंग्रजांच्या राज्यात अस्पृश्य मुलाने सरकारी शाळेत यायचं नाही असा कायदा शोधायला गेलात तर सापडणार नाही. उलट शाळा सर्वांना खुली आहे असंच लिहिलेलं सापडेल. आणि तरी पोरगं वऱ्हांड्यात. हे कसं झालं, ते धारवाडच्या एका प्रकरणातून फार स्वच्छ दिसतं. त्यावर आम्ही आज जरा जास्त वेळ घालवणार आहोत, तेवढं सांभाळून घ्या.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. आपण वऱ्हाडातले, आपला मुलूख निजामाने १८५३ साली इंग्रजांकडे सोपवला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे कारभार निराळा, पण गावाची रीत तीच. तर १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळा सरकारी, फी द्यायला तो तयार. नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. आता कल्पना करा, १८५६ साल आहे. फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून आठच वर्षं झाली आहेत. आणि एक पोरगं थेट सरकारला अर्ज करतंय.

सरकारचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्यात हा मुलगा चूक आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. न्याय त्याच्याच बाजूचा आहे हे सरकार मान्य करतं. पण, आणि सगळा खेळ या 'पण'मध्ये आहे, शतकानुशतकांचा ग्रह एका माणसासाठी एकदम मोडायला गेलो तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही, म्हणून हात घालता येत नाही. एका मुलासाठी शंभर मुलांची शाळा कशी मोडायची, असा तो हिशेब. वरवर पाहिलं तर व्यवहारी वाटतो. आम्हाला स्वतःला पहिल्यांदा वाचताना क्षणभर पटलासुद्धा होता, हे कबूल करतो. मग लक्षात आलं, शाळा मोडण्याची धमकी देणारा तो मुलगा नव्हताच. धमकी देणारे दुसरेच होते, आणि शिक्षा त्याला झाली.

प्रकरण तिथे थांबलं नाही. कागद कलकत्त्याला गेले. १८५७च्या जानेवारीत तिथून शेरा आला की बंगालमध्ये असा मुलगा सरकारी शाळेतून परत पाठवला गेला नसता. लंडनहून कंपनीच्या संचालकांनीही कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत. एवढं होईपर्यंत उठाव झाला, आणि लंडनमधलेच काही बडे लोक घाबरून उलटं बोलू लागले. शिक्षण फक्त खालच्या वर्गांना दिलं तर मोठी उलथापालथ होईल आणि तिचे पहिले बळी परकेच ठरतील, असं लॉर्ड एलनबरोने १८५८ साली लिहून ठेवलं आहे.

शेवटी मुंबई सरकारने जो तोडगा काढला, तो नीट ऐका. ज्या शाळेचा सगळा खर्च सरकार करतं, ती सर्वांना खुली. पण ज्या शाळेला गावातले लोकही वर्गणी देतात, तिथे वर्गणीदारांचा विरोध असेल तर सरकार जबरदस्तीने अस्पृश्य मुलं घालणार नाही. मात्र अशा शाळेचं अनुदान बंद करण्याचा हक्क आपण राखून ठेवतो, असंही त्यात होतं. हक्क राखून ठेवला. वापरला किती, ते पुढच्या आकड्यांवरून कळतं.

म्हणजे किल्ली सापडली बघा. जो पैसा देतो तो ठरवतो कुणी कुठे बसायचं. कायदा दार उघडतो आणि वर्गणीदार ते लावून घेतो. दोघांचीही तक्रार नाही, कारण कागदावर दार उघडंच आहे.

आता आकडे. १८८२ साली हंटर कमिशन आलं. त्या वेळचे मुंबई इलाख्याचे आकडे बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात मांडले आहेत. प्राथमिक शाळांत अस्पृश्य जातींची मुलं २,८६२. शेकड्याला एकसुद्धा भरत नाही. त्याच्या वरच्या मिडल स्कूलमध्ये सतरा. अख्ख्या इलाख्यात सतरा, इथे पहिल्या दोन ओळींत बसलीत तेवढी. आणि हायस्कुलात शून्य. सर्व सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं जाहीर होऊन वीसेक वर्षं झाल्यावरचा हा शून्य आहे.

याच हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकारने ती मान्य केली नाही. फुल्यांचं काम तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे, म्हणून फार सांगत नाही. एक मात्र सांगायचं राहून जातं. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धारवाडच्या मुलाच्या अर्जाआधी एक वर्ष. म्हणजे ज्या वेळी सरकार म्हणत होतं की अजून वेळ आलेली नाही, त्या वेळी या पोरी छापून येत होत्या. आणि १८७३ साली फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. आपल्या त्या आठवीतल्या मुलीने जोडलेला धागा दीडशे वर्षांपूर्वी जोडला गेला होता.

बरं, प्रवेश मिळाला तर पुढे काय? इथे गोणपाट येतं.

भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत जायचे तेव्हा बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचे. तो वर्गात ठेवायचा नाही, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवणार नाही. म्हणून रोज न्यायचा, रोज आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची, आणि शिपायाने नळ सोडला तरच प्यायचं. ज्या दिवशी शिपाई नसे त्या दिवशी तहानलेलं घरी जायचं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि लक्षात घ्या, हा मुलगा शाळेच्या पटावर आहे. कुणी तपासायला आलं तर हजेरीत त्याचं नाव आहे. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर चाललंय. पुढे मुंबईच्या हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. जो माणूस पुढे राज्यघटना लिहिणार, त्याने कोणती भाषा शिकायची नाही हे वर्गाने ठरवलं.

ही रीत सगळीकडची. मुलगा वर्गाबाहेर वऱ्हांड्यात किंवा दाराशी. पाटी तपासायची तर मास्तर दुरून बघणार. मारायचं असेल तर छडी फेकून मारणार. आमच्या लहानपणी गावातली म्हातारी माणसं हे सांगायची, आणि सांगताना हसायची. का हसायची, ते तेव्हा कळत नव्हतं.

मग प्रश्न उभा राहिला, आणि तो सोपा नाही. वेगळ्या शाळा काढाव्यात, की त्याच शाळेत हक्काने बसावं? हंटर कमिशनने तत्त्व म्हणून सांगितलं की जातीमुळे सरकारी शाळेत कुणाला नाकारू नये, आणि व्यवहार म्हणून सांगितलं की वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावं. सुधारकांनीही वेगळ्या शाळा काढल्या. फुल्यांनी काढल्या. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मिशनने १९०६ पासून काढल्या. आपल्या विदर्भात नागपूरला किसन फागूजी बनसोडे आणि जाईबाई चौधरी यांनी काढल्या. जाईबाईंची चोखामेळा कन्याशाळा त्यातलीच. या माणसांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. बाहेर बसून ऐकण्यापेक्षा आपल्या शाळेत आत बसून शिकणं केव्हाही बरं होतं. पण वेगळी शाळा झाली की दुसऱ्या शाळेला आयतं कारण मिळतं. तुमची आहे ना तिकडे, मग इकडे कशाला?

ही गोष्ट ओळखून वागला तो कोल्हापूरचा राजा. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ साली हुकूम काढला की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्या. अमेरिकेतला निकाल यायला अजून पस्तीस वर्षं होती. अर्थात संस्थान लहान होतं, आणि राजाचा हुकूम होता. वर्गणीदाराला विचारायची गरज नव्हती. हा फरक महत्त्वाचा आहे.

आणि वर्गासोबत पंगत. शाळेत शेजारी बसवता येतं, पण खेड्यातलं पोरगं राहणार कुठे, जेवणार कुठे? म्हणून त्या काळची खरी लढाई वसतिगृहात झाली असं आमचं मत आहे. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला भाऊराव पाटील नावाचा एक जैन विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हणाले, तो ऐकेना, तेव्हा त्याला त्याच्या बोर्डिंगातून काढून टाकलं. तेच कर्मवीर भाऊराव. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या पोरांना एका चुलीवरचं जेवायला घातलं. आपल्याकडे अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी अमरावतीत सत्याग्रह झाला, त्यातही ते पुढे होते. शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांत आपल्या जिल्ह्यातले किती जण शिकले, ते इथे हात वर करून मोजता येईल. पुढे बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईत सिद्धार्थ, आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघालं, तेच आजचं मिलिंद. आपल्या सीमेला लागून मराठवाडा. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या पट्ट्यातली पोरं तिकडे शिकायला गेली ती यामुळे.

जरा अमेरिकेकडे परत जाऊ. १७ मे १९५४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की शाळांत वेगळं ठेवणं हेच विषम आहे, सोयी कितीही सारख्या केल्या तरी. न्यायालयापुढे एक अभ्यास होता. केनेथ आणि मॅमी क्लार्क या नवरा-बायकोने लहान काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली आणि चांगली कोणती ते विचारलं. बरीच मुलं गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवायची. ज्या खटल्यांवर हा निकाल आला, त्यातला एक व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. तिथे १९५१ साली बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवून आणला होता, कारण वर्ग डांबरी कागदाच्या खोपट्यांत भरत होते.

निकाल लागला. मग त्या काउंटीने काय केलं? १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. सगळ्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, आणि काळी मुलं पाच वर्षं घरी बसली. १९६४ मध्ये पुन्हा न्यायालयाने सांगितलं तेव्हा कुलूप निघालं. धारवाडला १८५६ साली सरकारला जी भीती वाटली होती, की एकाला आत घेतलं तर शाळाच राहणार नाही, ती इथे कुणीतरी करून दाखवली. आणि पुन्हा तोच मार्ग बघा : सर्वांची शाळा बंद, पैशाची शाळा चालू.

म्हणूनच आम्हाला आजच्या महाराष्ट्राबद्दल बोलताना अंगणातल्या पिवळ्या व्हॅन दिसतात. राग मानू नका, आमच्या घरातली लेकरंसुद्धा त्या व्हॅनमध्ये बसतात. घटनेने अस्पृश्यता बंद केली. जातीवरून सरकारी वा अनुदानित शाळेत नाकारता येत नाही. गोणपाट गेलं. पण गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटाकडे एकदा नजर टाका, कुणाची लेकरं उरली आहेत? ज्यांना फी भरता येते ती सकाळी सातला व्हॅनमधून गेली. उरली मजुरांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पालावरची. कुणी कुणाला वेगळं बसवलेलं नाही. तरी रांगा दोन झाल्या.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यात यावर एक उपाय लिहिला आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फीचे पैसे सरकारने शाळेला द्यायचे. पैसे वेळेवर मिळत नाहीत ही शाळांची तक्रार, आणि ती खोटी नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांची अट नाही. महाराष्ट्रात अशी सरकारी शाळा कुठे नाही? तुमची आहे ना तिकडे, मग इकडे कशाला? वाक्य ओळखलंत. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. पालकांनी दाद मागितली म्हणून हे झालं, आपोआप झालं नाही.

दुसरी गोष्ट पटसंख्येची. वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर होत्या, आणि त्या एकत्र करून समूह शाळा करायचं धोरण २०२३ साली आलं. एकत्र केल्याने शिक्षक जास्त, मैदान मोठं, हे खरं आहे. पण वाडी-तांड्यावरच्या पोरीला रोज चार किलोमीटर जायचं म्हटलं की बाप काय म्हणणार, हे इथे कुणाला सांगायला नको.

व्याख्यान संपल्यावर तिसऱ्या ओळीतल्या एका काकांनी विचारलं, "हे सगळं झालं खरं, पण आता जुनं उकरून काढून काय फायदा? ज्याचं त्याला मिळतंय ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही दाखल-खारीज रजिस्टरातून दिलं, तेच इथे लिहितो.

जात पडताळणीला कोणता पुरावा लागतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी चकरा मारल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीची नोंद किंवा वास्तव्याचा पुरावा मागतात. सगळ्यात भक्कम मानली जाते ती आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद. आता हिशेब करा. ज्याच्या पणजोबाला शाळेत घेतलंच नाही, त्याची नोंद शाळेत कुठून येणार? वऱ्हांड्यातसुद्धा ज्याला जागा नव्हती, त्याच्या पणतूला आज कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी, तुझा पणजोबा शाळेत होता याचा कागद आण म्हणतात. महसुली कागद, गावनमुना, कोतवाल बुक असे दुसरे पुरावे चालतात, हे सांगून ठेवतो. कुणी शाळेच्या दाखल्यावाचून परत पाठवलं तर ते लेखी मागा. पण जुनं संपलं म्हणता काका, ते असं टेबलावर येऊन बसतं.

आमच्याही बाबतीत एक सांगायचं राहिलं. आमच्या शाळेत, नाव सांगत नाही, दरवर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की गुरुजी भर वर्गात म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही काही जण उभे राहायचो, बाकीचे वळून बघायचे. गुरुजी वाईट नव्हते. फॉर्म भरून घ्यायचे, सही राहिली तर घरी येऊन घ्यायचे. फक्त यादी ऑफिसात बसून करता आली असती, हे त्यांना कधी सुचलं नाही. हल्ली नावं ऑनलाइन भरली जातात. तरी काही वर्गांत अजून उभं करतात असं मुलं सांगतात. इथे बसलेल्या शिक्षकांनी हे एवढं उद्यापासून थांबवलं तरी चालेल, त्याला जीआर लागत नाही.

त्या रजिस्टरकडे परत येतो. मध्यंतरी एका जुन्या शाळेत आम्हाला ते उलटून बघायला मिळालं. कापडी पाठ, कडा वाळवीने खाल्लेल्या. नाव, बापाचं नाव, जात, दाखल तारीख आणि अगदी उजवीकडे शाळा सोडण्याचं कारण. काही नावांपुढे 'पास होऊन गेला', काहींपुढे 'परगावी गेला'. आणि काही ठराविक जातींच्या नावांपुढे, पानामागून पान, एकच शब्द : 'गैरहजर'. एका मुलाची दाखल तारीख आणि नाव काढल्याची तारीख यांत अकरा दिवसांचं अंतर होतं. तो अकरा दिवस कुठे बसला होता, याला रजिस्टरात रकाना नाही.